तात्यांचा डावा हात

रंगनाथतात्यांनी पुन्हा चालावं म्हणून आम्ही सगळे जिवाचं रान करत होतो. त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू, मुलगा माऊली, मी, आणि माझ्याकडे कामाला असलेल्या मंदामावशीसुद्धा. एकट्या तात्यांनाच त्यात फारसा रस नव्हता. हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. भिंतीवर दोन प्रमाणपत्रं टांगलेली असताना तीन महिने, म्हणजे माझी हुशारी केवढी ते वेगळं सांगायला नको.

मी फिजिओथेरपिस्ट. गारखेड्यात एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर माझं सेंटर आहे. लकवा मारलेली, म्हणजे डॉक्टरी भाषेत स्ट्रोक झालेली माणसं माझ्याकडे जास्त येतात. मी सांगते आहे ती वर्षं दुष्काळाची. लागोपाठ पावसाळे कोरडे गेले होते, नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी यायचं, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळायची. शहर मात्र वाढत सुटलं होतं. बायपासच्या पलीकडे कालपर्यंत ज्वारी उभी असायची तिथं आज प्लॉटच्या चुन्याच्या रेघा पडायच्या, आणि रेघांच्या मागून बोरची गाडी यायची. घर बांधायचं तर आधी जमिनीला भोक पाडून बघायचं, पाणी आहे की नाही. त्या गाड्यांपैकी एक गाडी तात्यांची होती.

तात्या फुलंब्रीकडचे. घरची शेती भावांकडे सोपवून विशीतच एका तमिळ मालकाच्या बोरच्या गाडीवर रॉड उचलायला लागले. तिथून बोर पाडायच्या लिव्हरवर आले, आणि पन्नाशीला स्वतःच्या गाडीचे मालक झाले. सोबत तमिळ माणसं होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एक शब्द कायमचा येऊन बसला होता, ‘पोदुम’. म्हणजे पुरे. चहात साखर घालताना पोदुम, काकू जास्त बोलल्या की पोदुम.

माझ्याकडे ते एप्रिलच्या उन्हात चाकाच्या खुर्चीतून आले. डावी बाजू गेलेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत. उंच हाडाचा माणूस, कानांवर पांढरे केस, आणि नजर अशी की समोरच्याचा तळ किती फुटांवर आहे ते बघत असावेत. माऊलीनं कागदपत्रं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “ताई, नशीब म्हनायचं. डावा हात गेला. उजवा चांगला हाय.”

हे वाक्य मी पुढे किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा. व्याही म्हणाले, गावचे सरपंच म्हणाले, मंदामावशी म्हणाल्या. मीही म्हणाले. उजव्या हातानं जेवता येतं, सही करता येते, देवाला फूल वाहता येतं, मग डाव्याचं काय एवढं? तात्या मान हलवायचे. ‘हो’ अशी हलवली की नुसतीच हलवली, ते बघायला कुणी थांबत नव्हतं.

तेव्हा माझ्याकडे एक यंत्र नवंच आलं होतं. खाली पाटासारखा चौकोनी फळा, पुढे धरायला दांडी. फळ्यावर गुडघे जरा वाकवून उभं राहायचं, बटण दाबलं की तो भराभर थरथरायला लागतो. ती थरथर तळव्यांतून पिंढऱ्यांत, मांड्यांत चढते आणि सुस्तावलेल्या किंवा ताठरलेल्या स्नायूंना थोडी जाग आणते. एक मिनिट उभं राहायचं, एक मिनिट बसायचं, असं आठ-दहा वेळा. त्यात जादू नाही. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून ते बरं असतं. काहींना तोल सावरायला मदत होते, काहींना काहीच होत नाही. पेशंटांनी मात्र त्याचं नाव ‘थरथरी’ ठेवून टाकलं होतं आणि नंबर लावून भांडायचे.

तात्यांचा पहिला दिवस मला नीट आठवतो. आम्ही तिघांनी धरून त्यांना थरथरीवर उभं केलं. मी बटण दाबलं. बाकीचे पेशंट पहिल्यांदा घाबरतात, हसतात, दात वाजतात म्हणून सांगतात. तात्यांनी डोळे मिटले. मिनिट झालं तसं “पोदुम” म्हणाले. घड्याळ बघितलं तर बरोबर एक मिनिट.

“मागचा, डाव्या अंगाचा बोल्ट ढिला हाय हिचा,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

मला राग आला. कर्ज काढून घेतलेलं यंत्र, येऊन महिना झाला नव्हता. “तात्या, मशीन परदेशी आहे.”

“मंग बोल्ट परदेशातच ढिला झाला आसंल.”

पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस पुण्याहून तपासणीला आला. त्यानं यंत्र उलटं केलं आणि पाना काढून मागचा डावीकडचा बोल्ट आवळला. मी तात्यांना सांगितलं नाही. मंदामावशींनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून कूलर, मिक्सर, त्यांच्या जावयाची मोटारसायकल, सगळ्यांचे आवाज त्या तात्यांना ऐकवायला लागल्या.

तात्यांची आणखी एक सवय होती. नवा पेशंट आला की नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे. गाव कळलं की क्षणभर थांबून आकडा सांगायचे. “करमाड का? गावाच्या वरच्या अंगाला दोनशे दहा. खाली उतरला तर काईच नाय, नाहक खर्च.” अख्खा जिल्हा त्यांना फुटांत पाठ होता. लकवा झालेली माणसं मान खाली घालून येतात, आपल्याला आता कुणी काही विचारणार नाही अशी त्यांची खात्री झालेली असते. तात्यांनी गावच्या पाण्याचा विषय काढला की ती अडखळत का होईना, वाद घालायला लागायची. त्यांच्या बोलण्याच्या व्यायामाचं माझं निम्मं काम तिथंच व्हायचं.

स्वतःच्या व्यायामात मात्र त्यांचं लक्ष नसायचं. सांगितलं तेवढं करायचे, एका पावलानं जास्त नाही. काकू काकुळतीला येऊन म्हणायच्या, “आवो, पाय उचला की जरा. चालाया नको का?” तात्या म्हणायचे, “चालून कुठं जायचंय?” आम्हाला वाटायचं, माणूस खचला आहे. स्ट्रोकनंतर मन खचतंच, पुस्तकात तसं लिहिलेलं आहे.

जुलैत एक दिवस शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बोरची गाडी लागली. दुसऱ्याच कुणाची तरी. सकाळपासून घरघराट, खिडक्यांच्या काचा हलत होत्या, धुळीनं जीव नको झाला होता. मी वैतागून खिडक्या लावत होते. वळून बघते तर तात्यांनी खुर्ची भिंतीशी नेऊन घेतली होती. उजव्या हातानं त्यांनी आपला डावा हात मनगटाशी उचलला, त्याची मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि तळवा भिंतीवर टेकवून वरून दाबून धरला. डोळे मिटलेले. असे पाच मिनिटं तरी बसले असतील. मग डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

“काय झालं, तात्या?”

“काई नाय. मुरूम लागला का पाषाण, ते बघू राह्यलो.”

“मग?”

“हात बोलंना.”

मला कळेना. तेव्हा काकू बोलल्या. त्याही हळूच, चारचौघांत सांगायची गोष्ट नसल्यासारख्या. “त्ये मुळातले डावरे हायेत, ताई. ल्हानपनी डाव्या हातानं जेवाया बसले की माझा सासरा काठी घालायचा. म्हनून खानं अन् सही उजव्यानं. पन गाडीवर चढले की डावाच हात. लोखंडावर डावा तळवा ठिवायचे अन् खाली काय हाय ते सांगायचे.”

मग तात्यांनीच सगळं सांगितलं. बोर खाली जाताना हॅमर दगडावर ठोके देत असतो, ते ठोके रॉडमधून वर गाडीच्या सांगाड्यात येतात. काळ्या पाषाणाचा ठोका वेगळा, मुरमाचा वेगळा, मांजऱ्याचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या भुसभुशीत दगडाचा, त्याहून वेगळा. वर येणाऱ्या चुऱ्याचा रंग बदलायच्या आधी ते तळव्याला कळायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आता खाली काही नाही, थांबा, हे कळायचं. पानाड्या नारळ हातावर घेऊन जागा दाखवायचा, ती बरोबर की चूक ते देव जाणे. थांबायचं कुठं ते तात्या सांगायचे. “रंगनाथतात्या बंद करा म्हनले” हे वाक्य त्या भागात कोर्टाच्या निकालासारखं चालायचं.

“आता माऊली गाडी चालवतो,” तात्या म्हणाले. “पोरगा वाईट नाय. पन मालक म्हनंल तितकं खाली जातो, अन् पैसा तर फुटाफुटाला. थांबायचं कवा, ते त्याला कळतच नाय. मानसं बरबाद व्हायली, ताई. मला पायाचं काई नाय. माऊली मला उचलून गाडीवर ठिवील. उजव्याला नुसती थरथर कळती, दगड नाय. मला ह्यो तळवा पाहिजे.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं कवा? तुमचं आपलं पाय, पाय, पाय.”

खरंच होतं. ‘तुम्हाला काय परत हवंय’ हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं. आम्हाला शिकवलेलंही असतं. मी कागदावर ‘उजवी बाजू शाबूत, पेशंट उजव्या हाताचा’ असं लिहून मोकळी झाले होते, कारण ते उजव्या हातानं सही करताना मी बघितलं होतं. नशीब डावा गेला, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाची मला नंतर लाज वाटली, आणि त्यात पहिली मी होते.

त्या दिवसापासून आम्ही हाताच्या मागे लागलो. कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंवर छोटं कंपनाचं यंत्र फिरवायचं. त्यानं वळलेली मूठ तासभर सैल पडायची. तेवढ्यात तात्यांना थरथरीसमोर बुटक्या स्टुलावर बसवून दोन्ही तळवे फळ्यावर टेकवायचे आणि बटण दाबायचं. उजव्याला जे वाटतं ते डाव्याला वाटतं का, लक्ष देऊन बघायचं. रोज मी विचारायचे, “काही?” रोज ते म्हणायचे, “काई नाय.” पण आता एक दिवस चुकवत नव्हते. फुलंब्रीहून यायला गाडी नसली तर दुधाच्या टेम्पोत बसून यायचे. काकूंनी मधेच कुठल्याशा गावच्या लकव्याच्या तेलाचं काढलं, तेव्हा तिथंही गेले. “पानाड्याच्या नारळावर आविष्यभर पोट भरलं. तेलाला कोन्त्या तोंडानं नाय म्हनू?”

दसऱ्याची गंमत सांगायला हवी. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. मंदामावशींनी उत्साहानं थरथरीच्या फळ्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पेशंट, सत्तरीच्या एक आजी, फळ्यापुढे थबकल्या. “पूजेवर पाय ठिवू? नाय बाई. आधीच काय पाप झालं म्हनून अंग लुळं पडलंय.” मी पुसून घेते म्हणाले, तर पूजा पुसायची नाही म्हणून मावशी आडव्या आल्या. मागचे पेशंटही कुजबुजायला लागले. चांगलं यंत्र असं देव होऊन बसलं.

तात्या कोपऱ्यातून म्हणाले, “मला उटवा.” आम्ही धरून नेलं. त्यांनी उजवा हात फळ्याला लावून कपाळाला लावला आणि सरळ पाय ठेवून वर चढले. “आजे, आमी गाडीची पूजा करतो अन् त्याच गाडीवर पाय देऊन चढतो. पाया पडल्यावर पाय ठिवायला इजाजत आसती. तुझ्या घरी जातं व्हतं ना? पूजायची अन् मंग त्याला खुट्टा ठोकायचीच की.” आजींना पटलं. त्या दिवशी प्रत्येक पेशंट आधी यंत्राच्या पाया पडून मग वर चढला. मी शास्त्र शिकलेली बाई, मीही पडले.

डिसेंबरात मी तात्यांच्या हाताची तपासणी केली. त्यासाठी नादकाटा असतो, शाळेत विज्ञानाच्या तासाला आपटून वाजवतात तसा. तो वाजवून मनगटाच्या हाडावर टेकवायचा. पेशंटनं डोळे मिटून सांगायचं, थरथर जाणवते का, आणि कधी थांबली. तोवर डाव्या मनगटावर तात्या नेहमी “काई नाय” म्हणायचे. त्या दिवशी काटा टेकवला आणि ते म्हणाले, “हाय.” थोड्या वेळानं मी काटा बोटानं हळूच दाबून थांबवला. “थांबला,” तात्या म्हणाले.

चार वेळा केलं. चारही वेळा बरोबर. काकू रडायला लागल्या. माऊली गुलमंडीवर जाऊन पेढे घेऊन आला आणि सगळ्या पेशंटांना वाटले. तात्यांनी आपला पेढा उजव्या हातानं डाव्या तळव्यावर ठेवला आणि तिथून उचलून खाल्ला. मी इतकी खूश होते की घरी जाऊन आईला फोनवर सांगितलं.

आठ दिवसांनी पुन्हा तपासणी करत होते, तर इमारतीत टँकर आला. त्याच्या पंपाचा आवाज सुरू झाला. आणि तात्या चुकायला लागले. थांबलेल्या काट्याला “हाय” म्हणायला लागले, वाजत्या काट्याला “थांबला”. पंप बंद झाल्यावर मी त्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले, वरून माझ्या तळव्यांनी कान झाकायला मावशींना सांगितलं… नाही, मावशींचे तळवे, माझ्या हातात तर काटा होता. तो सगळा प्रसंग मला अजून सरळ आठवत नाही. काटा टेकवला. तात्या वाट बघत बसून राहिले. “लावला का?” त्यांनी विचारलं. काटा त्यांच्या मनगटावर वाजत होता.

हात कधीच बोलला नव्हता. कान ऐकत होते. बोल्ट ओळखणारे ते कान, शांत खोलीत नादकाट्याची बारीक गुणगुण त्यांना ऐकू येत होती आणि हातच बोलतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी मला फसवलं नव्हतं. ते स्वतः फसले होते.

“अजून लावला नव्हता,” मी म्हणाले. हे मी खोटं बोलले. कापूस काढला, उद्या बघू म्हणाले, आणि थरथरीचं बटण दाबून त्यांचे तळवे फळ्यावर ठेवले. डॉक्टरांशी बोलले, त्यांचंही मत तेच पडलं. इतक्या महिन्यांत आली नाही ती जाणीव आता येण्याची आशा फार थोडी. तरी मी गप्प राहिले. रोज विचारत राहिले, “काही?” पेढे वाटून झाल्यावर ‘नाही’ कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मार्चमध्ये आमच्या इमारतीच्या मालकांनी, देशपांडेकाकांनी, पार्किंगमध्ये बोर घ्यायचं ठरवलं. आधीचा बोर आटला होता. तात्या इथंच येतात म्हटल्यावर काकांनी माऊलीचीच गाडी बोलावली आणि सगळ्या भाडेकरूंना सांगून टाकलं, “स्वतः तात्या बसणार आहेत.” लिव्हरवर सेल्वम होता, तात्यांचा जुना माणूस. तात्यांना खुर्चीतून गाडीजवळ नेलं. तेव्हा ते काठी आणि माणूस धरून चार-पाच पावलं टाकत होते, त्याहून जास्त नाही. काकांसाठी धुळीच्या बाहेर, फाटकाजवळ खाट टाकली होती.

तात्यांनी डावा तळवा उचलून गाडीच्या लोखंडावर ठेवला. मी बाजूलाच उभी होते. शंभर फूट गेलं, दोनशे गेलं. सेल्वमनं ओरडून विचारलं, “तात्या, क्या बोलता? और डालूँ?” तात्यांनी उजवा तळवा लावून बघितला, पुन्हा डावा लावला. मग खुर्चीतूनच फाटकाकडे बघून ओरडले, “मालक, मला कळंना! माझ्या भरवशावर राहू नका!”

काकांनी ऐकलं, अगदी स्वच्छ ऐकलं. पण हसून हात हलवला. मोठी माणसं असंच म्हणतात, असं त्यांना वाटलं असणार. “चालू द्या, चालू द्या!” संध्याकाळपर्यंत रॉड संपले. नुसता काळा फुफाटा वर आला, पाण्याचा थेंब नाही. देशपांडेकाका मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, “तात्या होते म्हणून धीर धरला हो.”

दुसऱ्या दिवशी तात्या वेळेवर आले. मी नेहमीप्रमाणे तळवे फळ्यावर ठेवले, बटण दाबलं. पण “काही?” असं विचारवेना. “तात्या, एक सांगायचं होतं,” मी म्हणाले.

“थांबा. आदी ही बंद करा.”

मी थरथरी बंद केली.

“काल म्या चूक केली,” तात्या म्हणाले. “गाडी चालू आसताना मालकाला नाय म्हनलो. चालू गाडीपुढं नाय म्हनलेलं मानसाला पटत नसतं, ताई. त्याला दिसतंय ना, आजून चालू हाय म्हनून. आदी गाडी बंद करायची. धूळ बसू द्यायची. मंग चालत त्याच्याजवळ जायचं, त्याच्या शेजारी बसायचं, अन् सांगायचं. तीस वर्सं असंच केलं. काल उटून जाता आलं नाय, म्हनून खुर्चीतून वरडलो. …बोला आता.”

मी दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. “तात्या, तळव्याला समज येईल असं आता मला वाटत नाही. मूठ सैल राहील, दुखणार नाही, तेवढं करत राहू. पण तुम्हाला जे पाहिजे ते नाही.”

“पक्कं?”

“शंभर टक्के कुणीच सांगत नाही. पण तुमच्या गाडीवर असते तर मी बंद करा म्हणाले असते.”

तात्यांनी उजव्या हातानं डावा हात फळ्यावरून उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, “कवापासून ठावं हाय तुमाला?”

“पेढे वाटल्यावर आठ दिवसांनी.”

त्यांनी मनात महिने मोजले. “म्हंजी तीन महिने तुमी मला कोरड्यात रॉड घालाया लावले.”

मी रडले. पेशंटसमोर रडू नये हे मला माहीत आहे, पण रडले. तात्यांनी माझी समजूत घातली नाही, आणि घालायला नकोच होती. काकूंना म्हणाले, “चला,” आणि गेले.

दोन आठवडे आले नाहीत. फोन करायची माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या सोमवारी दारात दुधाचा टेम्पो थांबला. तात्या खुर्चीतून आत आले आणि रामराम न घालता म्हणाले, “पायाचं बगा. मला वीस पावलं पाहिजेत. काठी चालंल, मानूस नको.”

“वीसच का?”

“गाडीपासून मालकाच्या खाटेपोत्तर तितकीच भरतात.”

तो उन्हाळा मी विसरणार नाही. वर्षभर पाय ओढत थरथरीवर चढणारा माणूस आता मिनिट संपलं तरी उतरायला तयार नसायचा. मीच पोदुम म्हणायचे. उभं राहा, बसा, वजन डाव्या पायावर घ्या, पाऊल उचला. दोनदा पडले, एकदा कपाळाला खोक पडली. पाय वर्षभर आळसावला होता, तो सुखासुखी ऐकणार नव्हता. माझ्याशी ते पहिल्यासारखे बोलायचे, पण त्या तीन महिन्यांबद्दल ना त्यांनी कधी काही म्हटलं, ना मी. माफी मागायचं माझं राहूनच गेलं. पाऊस पडायच्या सुमाराला एका सकाळी माऊलीचा फोन आला, “ताई, तात्या आजपासून गाडीवर येतेत. येनं व्हनार नाय.”

पुढच्या वर्षी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. पण त्याआधी मी त्यांना एकदा बघितलं होतं.

हर्सूलच्या पुढे एका पेशंटच्या घरी गेले होते. परत येताना नव्या प्लॉटिंगमध्ये माऊलीची गाडी उभी दिसली. मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. तात्या गाडीशेजारी काठी टेकून उभे होते, उभे! डावा हात सदऱ्याच्या खिशात खोचलेला. सेल्वमनं वर आलेला चुरा मूठभर आणून त्यांच्या उजव्या हातावर ठेवला. तात्यांनी तो अंगठ्यानं चोळून बघितला, सेल्वमशी काहीतरी बोलले. दोघांनी मान हलवली. मग तात्यांनी हात वर केला आणि गाडी बंद झाली.

सगळीकडे एकदम शांत झालं. धूळ खाली बसायला वेळ लागला. लांब कडुनिंबाखाली खाटेवर प्लॉटचा मालक बसला होता, तरुण माणूस, शेजारी त्याची बायको उभी. तात्या निघाले. काठी पुढे, मग डावा पाय अर्धवर्तुळात ओढून, मग उजवा. माऊली मागे चालायला लागला, त्याला त्यांनी वळून न बघताच थांबवलं. वीस पावलं नव्हती ती, पन्नासच्या आसपास असतील. दोनदा थांबून दम घेतला. मला धावत जाऊन धरावंसं वाटत होतं, पण मी जागची हलले नाही.

ते पोचले. खाटेवर टेकले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, दोन-तीन वाक्यंच असतील. त्या माणसानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. तात्या लगेच उठले नाहीत. त्याच्या शेजारी तसेच बसून राहिले.